कोळवणच्या तेवीस बेपत्ता बाळंतिणी

मु. पो. कोळवण, ता. मुळशी
रविवार, ७ मार्च १९६५

प्रिय फहमिदा,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीनं, त्याचा फार अर्थ लावू नकोस. नऊ वर्षांत तुझी एक ओळ आली नाही, आणि आली ती ही! पुण्याच्या तुमच्या प्रयोगशाळेतून आलेलं पत्र समोर पडलंय. वर तुमच्या डॉक्टरसाहेबांची इंग्रजीतली तंगडी वर केलेली सही, आणि खाली स्वच्छ मराठीत, 'नोंदी पडताळल्या : फहमिदा इस्माईल तांबोळी'. नर्सिंगच्या वसतिगृहात दोन वर्षं एका खोलीत काढली आपण, तुझा तो पोट सुटलेला 'फ' मी झोपेतही ओळखीन. म्हणजे लग्न झालं तर तुझं. इस्माईल म्हणजे तो सासवडचा मामेभाऊच ना, ज्याच्या नावानं चिडवलं की तू माझ्या अंगावर उशी फेकायचीस? चांगलं झालं. पण मी आज अभिनंदन करायला बसलेली नाही.

पत्रात काय आहे ते तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण ज्याच्या अंगावर पडतं त्याला ते वेगळं दिसतं. 'कोळवण उपकेंद्राच्या नर्स चंद्राबाई जयसिंग शेडगे यांनी चौदा महिन्यांत नाळेच्या रक्ताच्या चौतीस नळ्या पाठवल्या. त्यांपैकी अकरा बायकांचीच गरोदरपणातील नोंद सापडते. उरलेल्या तेवीस बायका आमच्या कोणत्याही नोंदीत नाहीत. सबब ही नावे काल्पनिक असून एकाच बाईचे रक्त अनेक नळ्यांत भरले असावे असा संशय येतो.' असावे, येतो! आणि शेवटी, वीस तारखेच्या शनिवारपर्यंत लेखी खुलासा करावा, नपेक्षा नोकरीबाबत योग्य ती कारवाई होईल. तेवीस बायका नाहीत म्हणे. फहमिदा, त्या तेवीसच्या तेवीस जणींच्या पायाशी मी बसले होते. त्यांच्या शिव्या खाल्ल्यात मी. एकीनं तर कळ आली तेव्हा माझ्या दंडाला चावा घेतला, तो वण अजून आहे. नसलेली बाई चावते कशी, ते तुमच्या डॉक्टरसाहेबांना विचार.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला ते जीप घेऊन इथे आले होते. सडसडीत, बोलायला गोड, बुटाला चिखल लागला की लगेच रुमालानं पुसणारे. त्यांनी आम्हा तालुक्यातल्या नर्सांना बसवून समजावलं. गरोदर बाईच्या रक्तात स्टेरॉइड नावाचे हॉर्मोन असतात, ते दिवस भरत येतात तसे वाढतात, कळा लागल्या की आणखी चढतात. त्यातले काही आईचे, काही वारेचे, आणि काही, ऐक हं, पोटातल्या मुलाच्या मूत्रपिंडावर ज्या इवल्या गाठी असतात त्यांनी बनवलेले. म्हणजे बाळंतपण आई सुरू करते की मूलच 'आता मला येऊ द्या' म्हणून सांगतं, हे अजून कुणाला धड माहीत नाही. आठव्या महिन्यात आईच्या दंडातलं रक्त आणि जन्माच्या क्षणी नाळेतलं रक्त, दोन्ही एकाच जोडीचं मिळालं आणि ते शेजारी ठेवून मोजलं, तर कोणती बाई अवेळी बाळंत होणार याचा आधी अंदाज येईल. इथून रात्री-अपरात्री बैलगाडीत घालून बाई पौडपर्यंतही पोचत नाही गं. मी एका वर्षात सातव्या महिन्यातली तीन मुलं माझ्या पदरात गेलेली बघितलीत. मला ते सगळं इतकं पटलं की मी पहिल्या रांगेतून हात वर केला. माझी ही खोड तुला ठाऊक आहे. हात आधी वर जातो, डोकं मागनं येतं.

आणि मग ते रक्त मिळवायचं म्हणजे काय, हे तुमच्या पुण्यातल्या पांढऱ्या फरशीवर बसून कळायचं नाही. इथली सुईण साळूबाई. हातगुणाची म्हातारी, पण हट्टी. इकडे वार पडल्याशिवाय नाळ कापत नाहीत. साळूबाईचं म्हणणं, पोराचा अर्धा जीव वारेत असतो, तो आत येऊ द्यावा. डॉक्टरसाहेबांचं म्हणणं, मूल बाहेर आलं की लगेच दोन चिमटे लावा आणि मध्ये कापा, उशीर झाला की नळीत येते ती गुठळी. मी दोघांच्या मध्ये. पहिल्या दोन महिन्यांत तिनं मला बोलावलंच नाही. वर गावात सांगत सुटली, 'शेडग्यांची नर्स नाळंचं रगात इकती पुन्याला.' ज्या घरात वार उंबऱ्याशी पुरतात आणि कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात, त्या घरातून नाळेचं रक्त मागायचं म्हणजे बायकांना करणीची भीती वाटणारच. शेवटी मी साळूबाईच्या ओसरीवर जाऊन बसले आणि कळा कोण सुरू करतं हे आम्हाला शोधायचंय म्हणून सगळं समजावलं. ती तंबाखू मळत म्हणाली, 'त्येला याचं आसतं तवा त्ये येतं. येवढ्यापायी नळ्या कशाला?' पण दुसऱ्या आठवड्यात तिनंच बोलावणं धाडलं. तेव्हापासून ती मूल हातात घेते, मी चिमटे लावते आणि पुटपुटत का होईना, ती मला कापू देते. बर्फ इथे नाही. तो सकाळच्या एस.टी.नं पुण्याहून भुश्यात गुंडाळून येतो आणि निम्मा वाटेतच जातो. उरलेल्यात थर्मास ठेवायचा, नळीवर चिठ्ठी चिकटवायची, दुपारच्या गाडीत कंडक्टरच्या पायाशी द्यायचा. चौतीस वेळा केलं हे. आणि तू एका सहीत पुसून टाकलंस.

इथल्यांची तर आणखी तऱ्हा. कचेरीतले हैबतराव म्हणतात, 'बाई, माफीचं दोन ओळीत लिहून द्या, वर कोण वाचतंय?' आमचे हे शेतावरून येतात, भाकरी मोडता मोडता म्हणतात, 'लिवून दे आन् मोकळी हो. भात काय तुज्या पगारावर पिकत न्हाई.' मुठा खोऱ्याच्या नर्स धोंडाबाई, त्यांच्याही नळ्यांवर असाच ठपका आला, त्यांनी घाबरून माफीनामा देऊनही टाकला. त्यांची पेन्शन चार वर्षांवर आहे, त्यांना मी काय बोलू? पण त्यांनी दिला म्हणून मी जास्तच खोटी ठरले. मी न केलेल्या गोष्टीची माफी का मागू? आणि मागितली तर पुढच्या वेळी कुठल्या तोंडानं कुणाच्या घरात चिमटे घेऊन जाऊ? तुला हे सगळं विचारावंसं वाटतंय. नाव वाचून एकदा तरी थांबलीस का गं? खोट्या नळ्या भरणाऱ्यांपैकी मी आहे असं तुला खरंच वाटलं? रागानं अक्षर वाकडं येतंय. उठते, चूल पेटवायची आहे.

सोमवार, १५ मार्च

मागचं पत्र टाकलं नाही, बरं झालं. फाडलंही नाही. आहे तसं जाऊ दे, माझा राग तुला पुरता कळला पाहिजे.

गुरुवारी रंभाबाईच्या घरी लांबलेलं बारसं होतं, सव्वा महिन्यानंतरचं. रंभाबाई म्हणजे आमच्या वरच्या आळीतल्या, त्यांची ठकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या नाळेचं रक्त मीच घेतलं होतं, चिठ्ठीवर 'ठकूबाई, कोळवण' असं माझ्या हातानं लिहून. तुमच्या तेवीस बेपत्ता बायकांची 'यादी तरी दाखवा' म्हणून मी तीन पत्रं लिहिली होती, ती यादी बुधवारी मिळाली, आणि त्यात ठकू सतराव्या नंबरावर. मी तिच्याकडे बघत बसले होते. ही बघा बेपत्ता बाई, पाळण्याची दोरी धरून बसलीय, गालाला हळद लागलीय. तेवढ्यात मुठ्याहून तिच्या सासरची माणसं आली. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, 'लीला, आगं पोराला हिकडं आन की!' आणि आतून रंभाबाईंनी हाक मारली, 'ठके, आदी पान्याचा तांब्या ने!' पोर दोन्हीकडे उठून धावली. दोन्ही हाका तिच्याच होत्या.

फहमिदा, मी तिथल्या तिथे कपाळावर हात मारला. शेजारच्या बायकांना वाटलं मला भोवळ आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. अगं, आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहितो आणि त्या दिवसापासून सासरी तेच. आठव्या महिन्याचं रक्त सासरच्या गावी घेतलं जातं, तिथे नोंद झाली 'लीलाबाई, मुठा'. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते, तिथे तिची आईच नाव सांगते, आणि आई सासरचं नाव कशाला घेईल? कळांनी कण्हणारी पोर काय 'बाई, माझी दोन नावं लिहा' म्हणणार आहे? डॉक्टरसाहेबांनी नंबरची कार्डं दिली होती म्हणा, बाळंतपणाच्या वेळी दाखवायला. ती सगळी सासवांनी सरकारी कागद म्हणून ट्रंकेत घडी करून ठेवलीत. माहेरी जाताना कोण नेतंय? आणि ज्या अकरा नोंदी जुळल्या ना, त्या काढून बघ. सगळ्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायका आहेत. त्या सासरीच बाळंत होतात. एकच गाव, एकच नाव.

राग कुणावर काढू आता? डॉक्टरसाहेबांनी परदेशात शिकून आणलेली पद्धत, तिकडे बाई घर बदलते पण हाक बदलत नाही. धोंडाबाई आणि मी, आम्ही दोघी तर आमच्या स्वतःच्या अंगावरून हे गेलेल्या बायका, आम्ही रोज दोन नावं जगतो आणि एकच लिहितो. इतकं अंगवळणी पडलंय की दिसत नाही. आणि तुमच्यात नाव बदलत नाहीत. तू फहमिदा होतीस, इस्माईलची झालीस तरी फहमिदाच. तुमच्यातली एखादी सुलताना लग्नानंतरही सुलतानाच राहते. तुला हा प्रश्न पडावा तरी कसा? तरी 'बाई, या तेवीस जणी कोण?' म्हणून एक कार्ड टाकलं असतंस तर! मी इथे तुझ्यावर खेकसतेय, पण खरं सांगू, गुरुवारी संध्याकाळी मी एवढी हसले की आमच्या म्हातारीनं चुलीवरचं दूध सोडून विचारलं, 'पोरी, झालं काय?'

शुक्रवारी धोंडाबाईंना गाठलं. माफीनामा दिल्याबद्दल त्या आधी थोडं रडल्या, मग पदर खोचून निघाल्या. त्यांच्या खोऱ्यातल्या सुना म्हणजे माझ्या गावच्या लेकी आणि माझ्या सुना म्हणजे त्यांच्या लेकी, हे आम्हाला घरोघर विचारल्यावर दिसायला लागलं. उन्हातून तीन दिवस वणवण केली. उरवड्याला एका म्हातारीनं आधी आम्हाला दारातच उभं केलं, 'रगात नेलं, आता नावं बी नेताय का?' मग आत बोलावून गूळ-पाणी दिलं आणि सुनेचं माहेरचं नाव आठवेना म्हणून शेजारणीला हाक मारली. दोन वर्षं झाली होती सून घरात येऊन! तेवीसपैकी एकवीस जणी सापडल्या. दोघींचा पत्ता अजून लागत नाही. एकीचं सासर पार वेल्ह्याकडे आहे म्हणतात. आता यादी करायला बसलेय, डाव्या बाजूला सासरचं नाव-गाव, उजव्या बाजूला माहेरचं.

बुधवार, १७ मार्च

यादी करताना सोळावी ओळ लिहिली आणि लेखणी थांबली. डावीकडे नाव, उजवीकडे नाव. मी काय लिहितेय? सात तारखेच्या रविवारी मी तुला विचारलं होतं, नाव वाचून थांबलीस का? तू कशी थांबणार? तू चंद्राबाई जयसिंग शेडगे नावाच्या बाईला कधी भेटलेलीच नाहीस. तुला गोजरा माहीत आहे, जुन्नरची, जिला विंचरताना मध्येच झोप लागायची. लग्नपत्रिकेवर गोजराच होतं, आणि लग्नाला तू येऊ शकली नाहीस, तुझ्या अब्बांचं आजारपण होतं. तांदळात 'चंद्रा' लिहिलं ते तू पाहिलंच नाहीस. सर्टिफिकेटावरचं नाव बदलून घेण्यासाठी मी पाच अर्ज केले होते गं, सरकारच्या राजपत्रात छापून आणलं. मुंबईच्या सरकारला कळवलं आणि तुला कळवलं नाही. कारण आपलं ठरलं होतं की पहिलं पत्र तू लिहायचं. ते आलं नाही, आणि मी हटून बसले. एक वर्ष, दोन वर्षं, मग तुझं नाव निघालं की मी म्हणायचे, शहरातल्या पोरी अशाच.

तेव्हा मी उठले आणि पोस्टमन वाल्मीककडे गेले. तो आमच्या गावात बारा वर्षं टपाल वाटतोय. त्याला विचारलं, गोजरा नावानं कधी काही आलं होतं का रे? तो लगेच म्हणाला, 'आलं हुतं की. चार पाकिटं. तुमच्याच घरचा पत्ता. तुमच्या सासूबाईंनी म्हागारी धाडली.' घरी येऊन म्हातारीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, 'मग? खरंच सांगितलं म्या. आमच्यात गोजरा कुनी न्हाई.' तिच्या बोलण्यात खोट नव्हती, फहमिदा. तिला खरंच असं वाटतं. मला तिच्याशी भांडताही आलं नाही. मी गोठ्यात जाऊन उभी राहिले आणि भरपूर रडले.

आता हे सांगण्यासाठीच पत्र पुरं करतेय, खुलासा हे नुसतं निमित्त. शनिवारी माझं उत्तर कचेरीत गेलं की माझ्यावरचं किटाळ जाईल, पण डॉक्टरसाहेब पहिला प्रश्न विचारतील, पडताळणी कुणी केली होती? म्हणून माझं उत्तर अजून कोरं आहे. यादी या पत्रासोबत जोडलीय, एकवीस जोड्या, गावांसह. ही उद्या सकाळच्या गाडीनं कंडक्टरच्या हाती देते, दुपारी तुला मिळेल. शुक्रवारी तू स्वतः ती त्यांच्या टेबलावर ठेव आणि सांग की तुलाच शंका आली, तूच कोळवणला विचारलंस. तुझ्या कपाटातले ते आकडे आता जोडीनं बसतील, काम वाया जाणार नाही, आणि धोंडाबाईंचा माफीनामा तेवढा परत मागून घे. मी खुलाशात तुझं नाव घालणार नाही. तू मला खोटी ठरवलंस ती न ओळखता, मी मात्र तुला नऊ वर्षं खोटी ठरवत होते, नीट ओळखत असून. राग अजून गेलेला नाही, आता तो कुणावर आहे ते मला सांगता येत नाही, एवढंच. वाल्मीक म्हणतो चौथं पाकीट चांगलं जाड होतं, त्याला जास्तीचं तिकीट लागलं होतं. त्यात काय होतं गं?

तुझीच, तुझ्यावर चिडायचीसुद्धा सोय न उरलेली,
गोजरा